साध्या पांढऱ्या लॅम्पशेडला घरी रंग द्यायचाय

जास्वंद:
कोपऱ्यातल्या दिव्याची शेड कापडी आहे, गोल, १२ इंच व्यासाची. सासूबाई म्हणतात हळदीच्या पाण्यात बुडव. बुडवू का?

कुसुंबी:
अगं थांब! आधी आतून हात फिरव. गुळगुळीत प्लास्टिक लागलं तर कापड त्यावर चिकटवलेलं आहे. गरम पाण्यात गोंद सुटेल, फुगे येतील, तारेच्या कड्या गंजून डाग पडतील ते वेगळेच. मग शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडाचा एक धागा काढून जाळून बघ. मऊ राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, त्यावर हळद नीट धरत नाही.

आणि हळद सुतीवर लगेच चढते खरी, पण उन्हात तितकीच लगेच उडते. साबण लागला की लाल डाग. सासूबाईंना हे आपलं तूच सांग.

जास्वंद:
मणी झाला :( आत प्लास्टिकही आहे.

कुसुंबी:
मग शेड रंगवूच नकोस, वरून घालायला कापड रंगव. मांजरपाट घे. परीघ ३८ इंचांच्या आसपास, शिवणीला इंचभर जास्त. मांजरपाटाला खळ असते, ती धुण्याचा सोडा घालून उकळून काढ, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. सोडा खळखळून धुऊन टाक. १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम तुरटी, गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड मुरू दे. रंगाला डाळिंबाच्या वाळक्या साली. उकळून, गाळून, त्या पाण्यात मंद आचेवर तासभर. पातेलं स्टीलचंच, लोखंडाच्या कढईत पिवळ्याचा करडा-हिरवा होतो. (मला तो जास्त आवडतो, पण तुझ्या हॉलमध्ये उदास दिसेल.)

सारखं हलवत राहा. साडीवर खपणारा डाग शेडवर खपत नाही, मागून उजेड आला की सगळं उघडं पडतं. ओलं असताना रंग गडद वाटतो, म्हणून सावलीत वाळवून, पेटत्या दिव्यासमोर धरून मगच ठरव.

दिवटी:
बल्बही बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीत हा पिवळा मेलेला दिसतो. २७०० किंवा ३००० चा, पिवळसर उजेडाचा एलईडी घ्या. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मात्र नको, कापडाला फार तापतो.

जास्वंद:
९ वॅटचा एलईडी आहे, पण पांढराच. बदलते. साली किती लागतील?

कुसुंबी:
कापडाच्या वजनाइतक्या तरी. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याला सांगून ठेव, तो टाकूनच देतो.