तालुक्याच्या गावी दुकान टाकतोय, गुमास्ता (दुकानाचा परवाना) काढावाच लागतो का?

शिलाईवाला: बसस्टँडमागं गाळा घेतलाय. मशीन दुरुस्ती, सुटे भाग, थोडी फॉल-पिको. मी आणि एक पोरगा, बास. करंट खात्यासाठी बँक गुमास्ता मागतेय. एजंट म्हणतो, ‘साहेबाला द्यावे लागतात, दरवर्षी रिन्यूही करावा लागतो.’ खरंय का?

जुनाखेळाडू: एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानुसार तुमच्यासारख्या एक-दोन माणसांच्या दुकानाला परवाना नाही, फक्त सूचना द्यायची. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत, ऑनलाइन. पावती मिळते, तीच बँकेत द्या. तिचं नूतनीकरण नसतं. माणसं बरीच जास्त असली तर नोंदणी. लोक अजून सगळ्यालाच गुमास्ता म्हणतात, त्यावरच यांची पोटं चालतात.

आधी पाटी रंगवून घ्या. नाव मराठीत, देवनागरीत हवं. शेजारी इंग्रजी लिहिलंत तर मराठी अक्षर त्याहून लहान नको. आमच्याकडच्या पेंटरनं ‘मशिनरी’ एवढं मोठं काढलं की मालकाचं नाव शटरच्या पट्टीखाली गेलं!

शिलाईवाला: आणि उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी? तिथंही एजंट पैसे सांगतोय.

ताईंचंझेरॉक्स: सरकारी पोर्टलवर फुकट आहे, दादा. आधार नंबर टाकायचा आणि मोबाईलवर ओटीपी येतो. आधारला जुना नंबर जोडलेला असेल तर आधी तो बदला, आमच्याकडं निम्मी गिऱ्हाईकं तिथंच अडकतात. ‘उद्यम’ नावाच्या खासगी साइट्सही दिसतील; पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन बघूनच पुढं जा.