इंग्लंडातल्या विंडसरला काय बघायचं? (आमच्या 'गोतावळा' ग्रुपवरची चर्चा)

नेहा: मावशी, शनिवारी आईबाबांना विंडसरला नेतेय. किल्ल्याची तिकिटं आधीच काढू का? बाबांचा गुडघा दुखतोय, फार चालवणार नाही.

मंजूमावशी: काढ, पण सगळा दिवस किल्ल्यात घालवू नकोस गं. किल्ल्यालगतच्या ग्रेट पार्कसाठी, म्हणजे राजघराण्याच्या जुन्या उद्यानासाठी, अर्धा दिवस तरी ठेव. तिथे फिरायला तिकीट नाही.

समीर: एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेत दिसलेला तो सरळसोट रस्ता तिथलाच ना?

मंजूमावशी: हो, लाँग वॉक. १९ सप्टेंबर २०२२ ला राणीची शवपेटी त्याच वाटेने किल्ल्यात नेली. तिची लाडकी एमा घोडी कडेला उभी होती, मला तर ते बघून भरून आलं होतं. किल्ल्यापासून तिसऱ्या जॉर्जच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत सव्वाचार किलोमीटर! दुसऱ्या चार्ल्सने दुतर्फा लावलेले एल्म वृक्ष रोगाने गेले. आता आहेत ती प्लेन आणि चेस्टनट, त्यामानाने तरुण झाडं.

खरे म्हातारे म्हणजे आतले ओक. विल्यम राजाने ११व्या शतकात किल्ला बांधला, आणि भोवतालचं रान राजांच्या शिकारीसाठी राखलं गेलं. कोवळी फूट हरणांनी खाऊ नये म्हणून ओक त्यांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर छाटायचे. दर काही वर्षांनी लाकूड मिळायचं आणि झाड जगायचं. म्हणून ती खोडं अशी बुटकी, रुंद, गाठाळ. बरीचशी आतून पोकळ. डोकावून बघा, तांबूस लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकलेलं दिसतं, बोटाने चुरलं तर भुगा होतो. आणि वरती हिरवीगार पानं!

अप्पा: मंजू, वाळलेली झाडं तोडत नाहीत का? आमच्या वनखात्यात पडलेलं लाकूड लगेच डेपोत जायचं.

मंजूमावशी: नाही अप्पा, मुद्दाम ठेवतात. सडक्या लाकडावर जगणारे दुर्मीळ भुंगेरे त्यात असतात. त्यातला एक तर इंग्लंडभरात मोजक्याच ठिकाणी उरलाय.

अप्पा: हे फार चांगलं करतात. नेहा, बुंध्यांचे फोटो जवळून काढून टाक इथे.

नेहा: नक्की अप्पा. पण मावशी, बाबांच्या चालण्याचं काय?

मंजूमावशी: लाँग वॉक किल्ल्याच्या टोकाकडूनच बघा. मग गाडीने क्रॅनबोर्न गेटच्या पार्किंगला जा, जुने ओक तिथून जवळ. हरणं दिसली तर लांबूनच बघा.

बाबा: मला किल्ला नको. झाडांपाशी न्या.

नेहा: बरं बाबा. मग तिकिटं आईची आणि माझीच काढते, किल्ला सकाळी उरकतो.