मदत हवी आहे: झोपेत मॉनिटर वाजतो, दाराची बेल मात्र ऐकू येत नाही

चाफेकळी: लवकर सांगा कुणीतरी. दोन आठवडे झोपेत मॉनिटरचा टूं-टूं ऐकू येतो, ताडकन उठून बसते. घरात मॉनिटर नाहीच! आणि काल सासूबाई दहा मिनिटं बेल वाजवत होत्या, ती ऐकूच आली नाही. कान तपासले, नॉर्मल आहेत. हे मेंदूचं काही आहे का?

भटक्या: मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटरचा?

चाफेकळी: आयसीयूचा. नर्स आहे मी.

कानसेन: तरी कान पुन्हा दाखवा. माझ्या वडिलांच्या कानात नुसता मळ निघाला होता.

अबोली: अहो, कान नॉर्मल आहेत असं लिहिलंय त्यांनी. चाफेकळी, सलग किती नाईट? दिवसा झोप किती?

चाफेकळी: सहा. चार तास, मुलगी शाळेतून येईपर्यंत.

अबोली: हे आधी सांगायचं ना! झोपेत कान बंद होत नाहीत, मेंदू निवड करतो. 1960 साली ऑस्वाल्ड आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना नावांची टेप ऐकवली होती. स्वतःचं नाव आलं की मेंदूचा आलेख जास्त उसळायचा. तुमच्या मेंदूला सध्या मॉनिटर महत्त्वाचा, बेल नाही. शिवाय झोप लागता-लागता नसलेले आवाज ऐकू येणं पुष्कळांना होतं.

गजानन_पुणे: मलाही खिशात फोन थरथरल्याचं वाटतं, फोन टेबलावर असतो! बेल बदला, दिवा लागणारी मिळते.

रातकिडा: ड्यूटीवर कडक कॉफी घ्या. जितकं जागं, तितकं नीट ऐकू येतं.

अबोली: तसं नाही. 2015 मध्ये उंदरांवर प्रयोग झाला, गोंगाटात लपलेला सूर ओळखायचा. डोळ्याची बाहुली मध्यम आकाराची असताना, म्हणजे उंदीर पेंगत नसताना आणि बिथरलेलाही नसताना, त्यांना तो सगळ्यात चांगला ओळखता आला.

रातकिडा: उंदरांचं माणसाला कशाला? मी वीस वर्षं रातपाळी केली, कॉफीवरच.

चाफेकळी: भांडू नका. खरं सांगते. परवा पहाटे चारला मी मॉनिटरसमोर बसले होते, डोळे उघडे. पेशंटच्या रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 84 टक्क्यांवर आलं, अलार्म वाजला, मला ऐकूच आला नाही. दुसरी सिस्टर धावत आली. पेशंट ठीक आहे. पण घरी नसलेला अलार्म ऐकू येतो आणि तिथे असलेला नाही, याची भीती वाटते.

अबोली: ताई, झोप कमी पडली की डोळे उघडे असतानाही काही सेकंद मेंदू झोपून घेतो. त्यात दिवसरात्र अलार्म ऐकून त्यांची सवयही होते. यात तुमचा निष्काळजीपणा नाही. इनचार्जना आजच सांगा, सलग सहा नाईट नकोत. डॉक्टरांनाही झोपेचं सांगा.

चाफेकळी: आज नाईट आहेच.

अबोली: मग निघण्याआधी दीड तास झोपा. तीन ते पाच बसू नका, बेडवरून बेडवर फिरत राहा. जोडीदार सिस्टरला सांगून ठेवा.

चाफेकळी: मुलीला शेजारच्या काकूंकडे सोडते आणि आत्ता झोपते.