मदत हवी आहे: 'वर्क्ड' की 'हॅव वर्क्ड'? आज रात्रीच पाठवायचंय

घाईत_सातारकर:
कव्हर लेटर लिहितोय, रात्री १२ च्या आत अपलोड करायचंय. दोन वाक्यांवर अडलोय.
१) आय वर्क्ड / हॅव वर्क्ड इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स.
२) आय हॅव कम्प्लीटेड माय एम.कॉम. इन २०१९.
दुसरं मला बरोबर वाटतं, पण कॉम्प्युटर खाली रेघ मारतोय. कुठलं बरोबर तेवढंच सांगा, व्याकरणाचा तास नको.

निवृत्त_मास्तर:
सोपं आहे. वाक्य मराठीत म्हणून बघा. शेवटी 'आहे' आलं की 'हॅव', नाही आलं की साधा भूतकाळ. 'काम केलं' म्हणजे वर्क्ड, 'काम केलं आहे' म्हणजे हॅव वर्क्ड. तीस वर्षं हेच शिकवलं.

कोथरूडकरीण:
मास्तर, राग मानू नका, पण सगळा घोळ ह्याच युक्तीने होतो. 'एम.कॉम. २०१९ मध्ये केलं आहे' हे मराठीत बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत मात्र 'इन २०१९', 'यस्टरडे', 'टू डेज अगो' असा संपलेला काळ आला की 'हॅव' बाद. म्हणून ती रेघ. उलटही बघा: 'मी दहा वर्षं पुण्यात राहते' ह्यात 'राहिले आहे' कुठे आहे? तरी इंग्रजीत 'हॅव लिव्ड' लागतं. आपण म्हणतो 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन इयर्स'. एका वाक्यात दोन चुका, कारण मुदतीला 'फॉर', आणि 'सिन्स' फक्त कधीपासून ते सांगायला.
सातारकर, तुम्ही त्या अकाउंट्सच्या नोकरीत अजून आहात का?

घाईत_सातारकर:
त्याचा काय संबंध? तीन वर्षं काम केलं, झालं.

कोथरूडकरीण:
सगळं त्यावरच अडलंय. सोडली असेल तर 'वर्क्ड'. चालू असेल तर 'हॅव वर्क्ड'.

जर्सीचा_बंड्या:
इथे अमेरिकेत कोणी एवढं बघत नाही हो. 'डिड यू ईट येट?' सर्रास विचारतात. बिनधास्त 'वर्क्ड' ठोका.

कोथरूडकरीण:
'येट', 'जस्ट', 'ऑलरेडी' असेल तर तिकडे साधा भूतकाळ चालतो, मान्य. पण चालू नोकरीला 'वर्क्ड' लिहिलं तर तुमच्या जर्सीतला एचआरसुद्धा नोकरी सोडली असंच समजेल.

चहाबाज:
मराठीत तरी काळ कुठे धड आहेत? बायकोला फोनवर 'आलोच' सांगतो तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टपाशी उभा असतो.

निवृत्त_मास्तर:
'आलोच'मध्ये रूप भूतकाळाचं आणि अर्थ नजीकच्या भविष्याचा. 'च' महत्त्वाचा.

चहाबाज:
बायकोला सांगून बघतो.

फुलपाखरू:
माझ्या मते लेटर एका पानात बसवा आणि फॉन्ट ११ ठेवा.

घाईत_सातारकर:
अहो विषयावर या! साडेदहा झाले. नोटीस पिरियड चालू आहे, महिनाअखेरीस शेवटचा दिवस.

कोथरूडकरीण:
हे आधी सांगायचं ना! म्हणजे आज तुम्ही नोकरीतच आहात. 'आय हॅव वर्क्ड इन अकाउंट्स फॉर थ्री इयर्स' लिहा, 'हॅव बीन वर्किंग' पण चालेल. पुढच्या महिन्यात मुलाखतीत ह्या कंपनीबद्दल विचारलं की मग 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स'. दुसऱ्यातलं 'हॅव' खोडा: 'आय कम्प्लीटेड माय एम.कॉम. इन २०१९.' साल गाळणार असाल तर 'हॅव' राहू दे.

निवृत्त_मास्तर:
म्हणजे साल नसेल तर माझा नियम चालतो.

कोथरूडकरीण:
साल नसेल, 'काल' नसेल, 'सकाळी नऊला' नसेल, आणि 'दहा वर्षं राहते'सारखं अजून चालू असलेलं काही नसेल तर चालतो, मास्तर.

घाईत_सातारकर:
दोन्ही बदलली, पाठवलं. आभार. फॉन्ट १२ च ठेवला.

चहाबाज:
सातारकर, महिनाअखेरीस तुमची जागा रिकामी होणार ना? कंपनी कुठली? भाचा बी.कॉम. आहे, टॅली येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.