मदत हवी आहे: प्रशिक्षकाचा 'विश्वविजेता' असल्याचा दावा कसा तपासायचा?

लेकीचाबाबा: उद्या कळवायचंय, लवकर सांगा. मुलगी १६ वर्षांची. एक वर्ष शिक्षण थांबवून सरांच्या निवासी शिबिराला जायचं म्हणते. सर म्हणतात ३ वेळा विश्वविजेते, २०० लढती, एकही हार नाही. नेटवर सापडतात ते त्यांचेच व्हिडिओ आणि खांद्यावर विजेतेपदाचे पट्टे घेतलेले फोटो. लढत एकही दिसत नाही.

निवांत: खेळ कुठला? तेच लिहिलं नाहीत.

मॅटवरचा: कुस्तीत घाला मुलीला. मी सहा वर्षं खेळलो, तिथे थापा चालत नाहीत.

निवांत: अहो, त्यांनी खेळ बदलू का असं विचारलेलं नाही.

ठोसा: व्यावसायिक बॉक्सिंग असेल तर बॉक्सरेक ही वेबसाइट बघा, एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) असेल तर शेरडॉग किंवा टॅपॉलॉजी. प्रतिस्पर्धी, तारीख, निकाल सगळं मिळतं. बॉक्सर रॉकी मार्सियानो ४९ लढती अजिंक्य राहून १९५६ मध्ये निवृत्त झाला, मेवेदर ५०. तुमचे सर थेट २००! नोंद नाही म्हणजे थाप.

जुना_ग्लोव्ह: असं सरसकट बोलू नका. माझ्या साठेक हौशी लढती झाल्या, बॉक्सरेकवर एकही नाही. मी खोटारडा का?

ठोसा: तुम्ही विश्वविजेता म्हणवत नाही ना.

लेकीचाबाबा: किकबॉक्सिंग. मला वाटलं लिहिलंय.

जुना_ग्लोव्ह: मग नुसतं 'विश्वविजेता' पुरत नाही. किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटना अनेक आहेत. २०२१ मध्ये ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली ती 'वाको'ला. तिच्या स्पर्धांतही फुल कॉन्टॅक्ट, लो किक हे लढतीचे प्रकार असतात तसं म्युझिकल फॉर्म्सही असतं. त्यात समोर कुणी नसतं, संगीतावर एकट्याने सादरीकरण करायचं. मेहनत तिथेही लागते, पण ते पदक दाखवून लढती जिंकल्याचं सांगणं मला पटत नाही. संघटना, साल, प्रकार, वजनगट आणि फायनलमधला प्रतिस्पर्धी विचारा. फायनल खेळलेला माणूस ते नाव विसरत नाही.

आहारवेडी: मुलीचं वजन किती? या वयात पाणी तोडून वजन उतरवू देऊ नका.

ठोसा: २०० वरून आठवलं. जपानचे यानागी र्युकेन स्पर्श न करता माणसं पाडायचे, २०० विजयांचा दावा होता. २००६ मध्ये इवाकुरा गो हा एमएमए लढवय्या समोर आला आणि त्यांना चांगलाच मार बसला. शिष्य मात्र तोवर मनापासून पडत होते.

निवांत: पण उत्तम शिकवणारा विजेता असायलाच हवा असं कुठाय?

जुना_ग्लोव्ह: नसू दे. पण पोरीच्या डोक्याला फटका बसला तर लढत थांबवायची की नाही, हे रिंगच्या कोपऱ्यातून प्रशिक्षकच ठरवणार. तेव्हा खरं बोलणारा माणूस हवा.

लेकीचाबाबा: आत्ताच फोन केला. पाचही गोष्टी विचारल्या. "विश्वास नसेल तर पाठवू नका," एवढंच म्हणाले. मुलगी शेजारीच होती, माझ्यावरच चिडून आत गेली. तिला काय सांगू?

जुना_ग्लोव्ह: आज काही सांगू नका. उद्या निकालपत्रं शोधायला तिलाच बसवा. नाव सापडलं तर सरांना मी स्वतः सॉरी म्हणेन.

मॅटवरचा: आणि कुस्तीचं खरंच बघा.