आईच्या आमवाताच्या गोळीने तोंड आलंय, बंद करू का?

कोरांटी: परवापासून तोंडात फोड आहेत, वरणसुद्धा झोंबतंय. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर गोळी बंद ठेवू का? लवकर सांगा.

वाटाड्या: कुठली गोळी? किती मिग्रॅ, कधीपासून? शेवटची सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कधीची?

सांजवारा: उष्णता आहे. जाईचा पाला चघळायला द्या.

चष्मिष्ट: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. डोस किलोमागे रोज 5 मिग्रॅच्या आत हवा.

वाटाड्या: डोळ्यांचं कोणी विचारलंय?

कोरांटी: मेथोट्रेक्सेट 10 मिग्रॅ. सोबत फॉलिक ॲसिड (व्हिटॅमिनची गोळी) पण आहे. तिसरा आठवडा.

पानसुपारी: फॉलिक कमी पडतंय. आठवड्यातून एकदा 5 मिग्रॅ देण्यापेक्षा रोज 1 बरी.

वाटाड्या: दोन्ही पद्धती चालतात, तो वाद नंतर. कोरांटी, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच जातेय ना? मध्ये लघवीच्या इन्फेक्शनला सेप्ट्रान वगैरे अँटिबायोटिक दिलंय?

कोरांटी: सेप्ट्रान नाही. रविवारी मेथोट्रेक्सेट, बाकी रोज फॉलिक. आधी मी काढून द्यायचे, या आठवड्यात तिने स्वतः घेतल्या.

वाटाड्या: दोन्ही बारक्या, पिवळ्या असतील तर अदलाबदल सहज होते. मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपमधल्या किती गेल्या ते मोजा.

कोरांटी: सोमवारी नवी फोडली. 10 पैकी 6 नाहीत!!

वाटाड्या: सोमवारची वाट बघू नका, आत्ताच कॅज्युअल्टीत न्या. सीबीसी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), एलएफटी (लिव्हरची तपासणी) लागेल. किडनी मंद असेल तर औषध अंगातच साठतं. उतारा फॉलिनिक ॲसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन. घरातल्या फॉलिकने भागणार नाही. मेथोट्रेक्सेट जे एन्झाइम अडवतं, फॉलिकला त्यातूनच जावं लागतं, फॉलिनिकला नाही. आणि आज सीबीसी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स पुढच्या काही दिवसांत पडू शकतात, पुन्हा कधी तपासायची ते विचारूनच निघा. ताप किंवा अंगावर लाल ठिपके असतील तर आधी सांगा.

सांजवारा: म्हणून म्हणते, ही औषधंच नकोत.

पानसुपारी: औषध नाही चुकलं, वार चुकला. चिठ्ठीवर नुसतं ‘आठवड्यातून एकदा’ न लिहिता वार लिहायला हवा.

वाटाड्या: दोन्ही स्ट्रिप सोबत न्या. ‘आठवड्याची गोळी 6 दिवस रोज गेली’ हे पहिलं वाक्य. ‘तोंड आलंय’ म्हणालात तर जेल देऊन परत पाठवतील.

कोरांटी: रिक्षात बसलोय. ताप 100 आहे, तेही सांगते.