अनुभव धागा : सात दिवस सागरी रस्त्याने, खात-पीत

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, मेहुणा आणि त्याची बायको, मुंबईहून रेड्डीपर्यंत गेलो. सात दिवस लागले आणि एकच ठरवलं होतं की हायवेवर गाडी शक्यतो घालायचीच नाही, समुद्र उजव्या हाताला ठेवून जात राहायचं आणि जिथे जे असेल ते खायचं. भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत चढवली, तासाभरात मांडवा. पुढे खाड्या आल्या की फेरीबोट: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. या चार बोटींमुळेच ही ट्रिप होते असं मला वाटतं, कारण बोटीची वाट बघताना धक्क्यावर जो अर्धा तास जातो त्यात शेजारच्या टपरीवर चहा होतो, शहाळं होतं, आणि पुढच्या गावात कुणाकडे जेवायचं तेही तिथेच कळतं.

पहिल्या दिवशी अलिबागच्या पुढे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा नुकत्या लागायला सुरुवात झाली होती. २०२१ मध्ये त्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा बातमी वाचलेली, पण खाल्ला पहिल्यांदाच. नुसता बुक्कीने फोडून तांदळाच्या भाकरीबरोबर, डोळ्यात पाणी वगैरे काही नाही, गोडसर. मेहुण्याने दोन माळा घेतल्या आणि त्या रेड्डीपर्यंत डिकीत आमच्याबरोबर होत्या.

सगळ्यात लक्षात राहिलं ते हर्णै. संध्याकाळी होड्या किनाऱ्याला लागतात आणि वाळूतच लिलाव सुरू होतो, बोली इतकी भराभर की आपल्याला काही कळत नाही. आपल्यासारख्यांनी लिलावात पडायचं नाही, बाजूला ज्या बायका वाटे लावून बसतात त्यांच्याकडून घ्यायचं. आम्ही बांगड्यांचा एक वाटा घेतला आणि जिथे उतरलो होतो तिथल्या काकूंना दिला. मी लिंबू शोधायला लागलो तर म्हणाल्या, लिंबू कशाला, आगळ आहे की. नुसतं मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस) लावून तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर. तोपर्यंत तीन दिवस आम्ही सगळीकडे सुरमई थाळीच मागत होतो आणि सगळीकडे ती साधारण एकाच चवीची मिळत होती. हर्णैनंतर मेनूकार्ड बघणं बंद केलं, फक्त "आज काय आलंय?" विचारायचं. त्यामुळे पुढे गुहागरला तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या, एका ठिकाणी कालवं, आणि देवगडच्या अलीकडे फक्त सौंदाळे होते तर सौंदाळे.

तुमच्यापैकी कुणी असा किनारा धरून खात-पीत प्रवास केला असेल, अख्खा नाहीतर अर्धा, कुठल्याही ऋतूत, तर सविस्तर लिहा. विशेषतः शाकाहारी लोकांचं काय होतं ते वाचायला आवडेल.

*

शाकाहारींचं मी सांगते. आम्ही नागपूरचे, सासूबाई आणि मी दोघी अंडंही खात नाही, अहो आणि मुलगा खातात. निघताना सासूबाईंनी चिवडा, शेव, लोणचं, आठ दिवसांच्या दशम्या असं सगळं बांधून घेतलं होतं कारण त्यांना खात्री होती की समुद्राकाठी आपल्याला फक्त दहीभात मिळणार. दिवेआगरला पहिल्याच दुपारी ती पिशवी मागे पडली. तिथे घरगुती जेवणाला आदल्या दिवशी फोन करून "किती पानं" ते सांगायचं असतं, हे विसरलात तर मिळत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही, नारळ खवण्यापासून सगळं तेव्हाच करतात. उकडीचे मोदक गरम गरम, वरचं टोक फोडून त्यात तूप. सासूबाई एरवी गोड खात नाहीत, त्यांनी चार खाल्ले.

आम्ही मार्चच्या शेवटी गेलो होतो म्हणून ओल्या काजूगरांची उसळ मिळाली. तिचा रेट ऐकून मी आधी नाराज झाले होते. मग गणपतीपुळ्याच्या पुढे एका घराच्या ओट्यावर दोन बायका काजू सोलताना दिसल्या, गाडी थांबवून बघत बसलो. ओल्या काजूच्या सालीत जो चीक असतो त्याने हात भाजतात, कातडी सोलून निघते, म्हणून त्या हाताला राख लावून एकेक बी कापून आतला गर काढत होत्या. गर शेकड्यावर विकतात, वजनावर नाही. शंभर गर काढायला किती वेळ लागतो ते डोळ्यांनी बघितल्यावर मी भाव केला नाही आणि उसळीला कुणी जास्त पैसे लावले असं परत कधी म्हणणार नाही.

बाकी फणसाच्या कुयरीची भाजी, घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, आणि सगळ्यात साधी म्हणजे कुळथाची पिठी. गरम भात, वर पिठी, बाजूला पोह्याचा पापड. आमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचा कूट आणि तर्री, त्यांच्याकडे सगळ्यात नारळ, दोन दिवस जीभ थोडी गोंधळते पण तिसऱ्या दिवसापासून तर्रीची आठवण येत नाही. सासूबाईंनी दोन किलो कुळीथ पीठ आणलं, आता नागपूरच्या थंडीत आमच्याकडे आठवड्यातून एकदा पिठी असते.

*

मी मालवणचा, नोकरीमुळे डोंबिवलीत. वर सुरमई थाळीबद्दल लिहिलंय ते अगदी पटलं. लोक आमच्याकडे येतात आणि सुरमई, पापलेट, कोळंबी याच्यापुढे जात नाहीत, आणि मालवणी म्हणजे लालभडक तिखट असं समजून जातात. आमच्या घरी रोजचं कालवण तसं नसतं. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांना तिरफळं लागतात, त्यातली काळी बी काढून टाकायची आणि साल ठेचून घालायची, त्याशिवाय बांगड्याचं तिखलं आमच्या आईच्या मते तिखलंच नाही. पापलेटला तिरफळ घालाल तर मात्र ती ओरडेल.

आठवडा असेल तर त्यातली एक सकाळ रापणीला द्या. होडीतून जाळं अर्धगोल टाकत जातात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, मग तीस-चाळीस माणसं दोन बाजूंनी ओढायला लागतात. माझे आजोबा रापणीत होते. मी लहानपणी दोराला नुसता हात लावायचो तरी शेवटी माझ्या पिशवीत दोन बांगडे पडायचे, "घे रे, तुझो वाटो" म्हणून, ज्याने ओढलं त्याला वाटा हा नियमच. आता जाळं ओढून झाल्यावर कधी कधी नुसती बारीक मासळी आणि जेलीफिश असतात. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या बोटींनी मासा किनाऱ्यापर्यंत येण्याआधीच उचलला जातो असं आमचे रापणकर कित्येक वर्षं सांगतायत, त्यासाठी भांडतायत. म्हणून म्हणतो, रापण दिसली तर मोबाईल खिशात ठेवून दोर धरा, ओढायला हात हवेच असतात, आणि मासे तिथूनच विकत घ्या.

आणि थंडीत आलात तर कुठल्यातरी गावची जत्रा बघून जा. रात्री देवळासमोर दशावतार, बाहेर खाज्याची दुकानं, गुळाचा पाक आणि आल्याचा वास लांबून येतो. तिथे ताजं केलेलं खाजं आणि एसटी स्टँडवरचं पाकिटातलं खाजं यात खूप फरक आहे.

*

आमचा अनुभव उलटा आहे पण लिहितो कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो, पावसात कोकण म्हणून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते हे मला माहीत होतं पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. दुसऱ्याच दिवशी एका हॉटेलात पापलेट थाळी घेतली, ताजं आहे का विचारलं तर हो म्हणाले, आणि रात्री मी आणि माझी मुलगी दोघंही उलट्यांनी बेजार. मुलगी नऊ वर्षांची आहे, त्या रात्री मी खूप घाबरलो होतो. सकाळी दाभोळची फेरीबोट हवामानामुळे बंद, म्हणजे चिपळूणवरून अख्खा वळसा, तेवढा प्रवास मुलीला झेपणार नव्हता म्हणून अलीकडेच एका घरगुती ठिकाणी तीन दिवस राहिलो.

त्या घरातल्या आजींनी दोन दिवस आम्हाला मऊ भात, मेतकूट आणि तूप यापलीकडे काही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या आता जेवा. मग त्यांनी पावसाळ्यात त्यांच्याकडे खरं काय खातात ते वाढलं: टाकळ्याची कोवळी पानं कांदा-खोबरं घालून, सुक्या जवळ्याची चटणी आमसूल टाकून, आणि कुळथाचं कढण. मे महिन्यात मासे वाळवून, जवळा, बोंबील, बांगडे सगळं डब्यात भरून ठेवायचं आणि दर्या बंद असतो तेव्हा ते काढायचं, ही त्यांची बेगमी. बाहेर धो धो पाऊस, चुलीवर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास, मुलगी मागून मागून खात होती. त्यांच्या शेजारच्यांनी ओढ्यातले चढणीचे (पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) मासे आणले होते, आजींनी ते घेतले नाहीत, पोटात गाबोळी असते, ते खाल्ले तर पुढच्या वर्षी काय खाल असं म्हणाल्या.

पावसात जरूर जा, फक्त पापलेट-सुरमई मागू नका.

*

माझे बाबा शिरोड्याच्या बाजूचे. सतराव्या वर्षी मुंबईत गिरणीत लागले, मग सगळं आयुष्य लालबागला. मी दुबईत असतो. मागच्या डिसेंबरात रजा काढून त्यांना घेऊन आठ दिवस गाडीने खाली उतरलो, वय ७९, मधुमेह आहे. मी चांगली चांगली ठिकाणं शोधून ठेवली होती, समुद्राकडे तोंड असलेली, आणि ते प्रत्येक ठिकाणी दोन घास खाऊन ताट सरकवायचे. पाचव्या दिवशी शिरोड्याला चुलत आत्याकडे गेलो. सकाळी तिने उकड्या तांदळाची पेज केली होती, एका वाटीत खोबऱ्याची कातळी आणि निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. बाबांनी काही न बोलता ती संपवली आणि परत वाटी पुढे केली. मी साखरेचा विचार करून अडवायला गेलो, आत्या म्हणाली "खाऊंदे रे तेका".

नंतर मिठागराकडे चालत गेलो. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता हे शाळेत वाचलं होतं, पण बाबांनी वेगळंच सांगितलं, त्यांची आई इथून खडेमीठ न्यायची, बांगडे खारवायला, आणि येताना टोपलीतून गळणारं पाणी तिच्या मानेवर येऊन तिथे फोड यायचे. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आम्ही दोन किलो खडेमीठ घेतलं. दुबईतल्या स्वयंपाकघरात त्याची बरणी आहे.

*

रेड्डीला थांबलात ते एवढ्यासाठी चुकलं की पुढे तेरेखोल आणि पलीकडे केरी, तिथून आमचं गोव्यातलं पेडणं सुरू होतं. पुढच्या वेळी एप्रिलात या आणि अजून एक दिवस ठेवा. पिण्याबद्दल इथे फक्त चहा आणि शहाळ्याचं आलंय म्हणून लिहितो. काजूचे बोंडू तोडायचे नाहीत, पिकून खाली पडलेलेच गोळा करतात. ते तुडवून रस काढतात आणि उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो स्वच्छ रस थेंब थेंब गळतो तो नीरो, गोड, लहान मुलंही पितात, पण लगेच प्यायचा, दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. रस दोन-तीन दिवस आंबवून भट्टीवर एकदा चढवला की उराक, आणि परत एकदा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. फेणीला २००९ मध्ये जीआय मिळालं, ती वर्षभर मिळते, पण उराक फक्त हंगामात, मार्च ते मे. आमच्याकडे लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. हलकी लागते म्हणून लोक भराभर पितात, तसं करू नका, आणि ज्याला गाडी चालवायचीय त्याने त्या दिवशी नीरोवरच राहायचं. आमच्या घरी पाहुणे आले की चावी आधी माझी आई घेते. गोव्याबाहेर बाटली न्यायची असेल तर परमिट काढा.

सकाळी मात्र पोदेराची (पाववाल्याची) वाट बघा. सायकलच्या भोंप्याचा आवाज आला की पिशवी घेऊन धावायचं, उंडो नाहीतर कोंड्याची पोळी घ्यायची आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात पातळ भाजीबरोबर खायची. एवढ्याशा पैशात इतका चांगला नाश्ता मला दुसरीकडे मिळालेला नाही.

*

एक छोटीशी भर. सोलकढी बाटलीत भरून पुढच्या गावी नेऊ नका, नारळाचं दूध गाडीतल्या उन्हात दोन तासांत फाटतं. आगळाची बाटली न्या, मीठ असल्यामुळे टिकतं, घरी नारळ वाटून ताजी करा.

*

सगळे खाली दक्षिणेकडेच धावतायत, आम्हा रायगडकरांची पोपटी राहिली. डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की शेतात करतात. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, खडेमीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, वर परत पाला ठासून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि चारी बाजूंनी पेंढा-झावळ्या रचून पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की झाली. भांबुर्डीशिवाय दुसरा कुठला पाला घातला तर ती पोपटी नाही, तो वासच सगळं आहे. शाकाहारी मंडळींसाठी वेगळं मडकं लावतो, नागपूरच्या ताईंनी सासूबाईंना घेऊन यावं.

*

धागा काढणारा परत. सगळं वाचलं, बायकोने तर मोठ्याने वाचून दाखवलं. पोपटीवाले दादा, जानेवारीतला शेवटचा रविवार चालेल का? आम्ही चौघं नक्की, कोंबडी आणि मडकी आम्ही आणतो, भांबुर्डी तुम्ही बघा.